खेळाचं अपडेट आलं तो आठवडा

बुधवारी सकाळी साडेसहाला अक्कांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून कॉफीचं डिकॉक्शन उतरायची वाट बघत होते. अक्का तिरुवैयारूला राहतात आणि गाणं शिकवतात. त्यांचं माझं काहीतरी दूरचं नातं आहे. ते नेमकं काय हे आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही. तंजावरच्या मराठी घरांत असं प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी असतंच.

"अगे, तुझी लाइन बघ जरा," त्या म्हणाल्या. "गेली म्हणावं तर आहे. पण मुलींचा आवाज तुकड्यातुकड्यानं येतोय. सा म्हटलेला ऐकू येतो, मग एकदम प. मधले स्वर कुठं जातात?"

"बघते अक्का."

"वर्ग चालू आहे. त्यांची आई मागं उभी आहे. मला दिसतेय."

तुझी लाइन, असंच त्या म्हणतात. तंजावरातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी एकोणीस वर्षं काम करते आहे. कंपनी आधी केबल टीव्ही द्यायची. त्याच खांबांवरून आता फायबर जाते, एका बाजूला तिरुवैयारूपर्यंत, दुसऱ्या बाजूला ओरत्तनाडूपर्यंत. जाळं नीट चालतं आहे की नाही हे बघणं माझं काम. ते नीट चालत असलं की माझी कुणाला आठवण होत नाही. बिघडलं की माझा नंबर सगळ्यांकडे असतो.

कॉफी तशीच ठेवून मी लॅपटॉप उघडला. आमच्याकडे एक आलेख असतो. बाहेरून किती डेटा आत येतोय, ते त्यात दर पाच मिनिटांनी दिसतं. रोजची त्याची चाल मला पाठ आहे. पहाटे खाली, सातनंतर हळूहळू वर, शाळा-ऑफिसांच्या वेळी थोडं इकडेतिकडे, आणि रात्री जेवणाच्या वेळी सगळ्यात उंच. त्या दिवशी पहाटे पाचपासून तो उभा वर चढला होता आणि शेवटच्या रेषेला टेकून सपाट झाला होता. सपाट म्हणजे भरलं. मोठ्या कंपनीकडून आमच्याकडे जेवढं येऊ शकतं तेवढं सगळं येत होतं आणि त्याच्या मागे आणखी मागणी तुंबून उभी होती.

आमच्यासारख्या कंपन्या सगळ्या घरांना एकाच वेळी पुरेल इतकी जागा घेत नाहीत, मोठ्या कंपन्याही घेत नाहीत. सगळे एकदम नळ उघडणार नाहीत या भरवशावर हा धंदा चालतो, आणि एरवी तो भरवसा टिकतोही. कुणी सिनेमा बघत असतो, कुणी नुसता मोबाइल चाळत असतो, कुणी झोपलेला असतो. पण एखाद्या मोठ्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती आली की जगभर तिचं दार एकाच मिनिटाला उघडतं. शंभर जीबीच्या वरचा माल. खेळणारा झोपलेला असला तरी त्याचं मशीन जागं होऊन तो ओढायला लागतं, आणि मिळेल तितक्या वेगानं ओढतं. अशी शेकडो मशीनं आमच्या जाळ्यावर त्या पहाटे जागी झाली होती. सगळा ओघ एकाच ठिकाणाहून येतोय हे मला दहा मिनिटांत दिसलं. दिसून उपयोग काहीच नव्हता.

अक्कांना मी फोन करून सांगितलं, "तुमच्या घरात बिघाड नाही. गर्दी झालीय. दुपारपर्यंत ओसरेल."

"कसली गर्दी? सकाळी साडेसहाला?"

गेमचं अपडेट हे शब्द मला तेव्हा उच्चारवले नाहीत. "सगळीकडचीच," म्हटलं.

दुपारपर्यंत गर्दी ओसरली नाही. ऑफिसात दोन फोन आहेत, ते खाली ठेवता येत नव्हते. एका दवाखान्याचे रिपोर्ट उघडत नव्हते, एका बाईंची नोकरीची मुलाखत मधेच गोठली होती, एक दुकानदार दर तासाला फोन करून "अजून तसंच आहे" एवढंच सांगत होते. संध्याकाळी घरी गेले तर आईनं विचारलं, "आज किती जणांनी शिव्या दिल्या?" ती रोज हेच विचारते. मी एरवी काहीतरी आकडा सांगून हसते. त्या दिवशी हातपाय न धुताच झोपाळ्यावर आडवी झाले.

गुरुवारी पहाटे मी मोपेड काढली आणि तिरुवैयारूला गेले. अक्कांचा माझ्या फोनवरच्या बोलण्यावर विश्वास बसणार नाही हे मला माहीत होतं. वायर बघितली, डबा उघडून परत बंद केला, की त्यांना बरं वाटतं. तंजावरहून तिकडं जाताना एकामागून एक नद्यांचे पूल लागतात आणि प्रत्येक पुलाच्या कठड्याला आमची काळी केबल बांधलेली आहे. मी गाडी चालवताना नदीकडे बघत नाही, केबलकडे बघते. कुठं लोंबतेय, कुठं क्लिप सुटलीय. इतक्या वर्षांत ती सवयच लागून गेली आहे.

अक्कांचं घर लहान आहे. पुढच्या खोलीत चटई, तंबुऱ्याचा आवाज देणारी पेटी आणि स्टुलावर टॅबलेट. एकेकाळी त्या देवळांतून, लग्नांतून गायच्या. मग बोलावणी कमी झाली. महामारीच्या वर्षात त्यांच्या एका जुन्या शिष्येनं अमेरिकेतल्या दोन बहिणींशी गाठ घालून दिली, आणि तेव्हापासून सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, हा वर्ग भरतो. एक मुलगी बारा वर्षांची, एक नऊची. इतर शिष्य येतात-जातात. या दोघी पाच वर्षं टिकल्या होत्या.

मी भिंतीला टेकून बसले. अक्कांनी एक ओळ गायली आणि थांबल्या. टॅबलेटवर थोरली मुलगी तोंड उघडून गोठलेली दिसत होती. मग आवाज आला, तीन स्वर, मधे पोकळी, मग शेवटचे दोन घाईघाईनं एकमेकांवर चढलेले. अक्कांचा हात मांडीवर ताल धरत होता. तो थांबला, परत सुरू झाला, परत थांबला.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

मुलीनं परत म्हटलं. तेच झालं. चौथ्या वेळी मुलगी इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि तिनं ओठ चावले. तिनं बरोबर म्हटलं होतं. ते बरोबर होतं हे अक्कांना ऐकू येत नव्हतं आणि चूक आपलीच आहे असं त्या मुलीला वाटत होतं. मग मागून आई पुढे आली, नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाली की आज राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू, आणि तोवर आम्हीही जरा काय करता येईल ते बघतो.

पडदा काळा झाल्यावर अक्का म्हणाल्या, "आम्हीही बघतो म्हणाली. ऐकलंस?"

"ऐकलं."

"दुसरं कोणीतरी बघणार. तिकडंच राहणारं." त्यांनी पेटीचा आवाज बंद केला. "तू तो डबा उघडून बघणार नाहीस?"

मी उठून डबा उघडला. आत सगळं ठीक होतं. कनेक्टर पुसला, परत लावला आणि झाकण घातलं.

ऑफिसात आले तेव्हा मालक माझ्या खुर्चीत बसून आलेख बघत होते. आमचे मालक हाडाचे केबलवाले. खांबावर चढून त्यांनी धंदा उभा केला. आता गुडघे चालत नाहीत म्हणून खुर्चीत बसतात. त्यांना डेटाची पाकिटं, पोर्ट यातलं फार कळत नाही, पण सपाट रेष कळते.

"हे गेमवाले ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बंद करून टाका."

"बंद नाही करता येत, सर. हळू करता येईल."

"मग हळू करा. दवाखान्याचा डॉक्टर मला घरी फोन करतोय."

मी म्हटलं, "जास्तीची लाइन घ्यायला हवी. दर दोन-तीन महिन्यांनी हे होणार आहे."

"ती मागितली तरी यायला महिने लागतील. आज काय करणार ते सांगा."

त्यांचं खरं होतं. गेमचा माल ज्या ठिकाणाहून येत होता, तिथून येणाऱ्या सगळ्याला मी एक चिमटा लावला. प्रत्येक घराला तिथून थेंब थेंब मिळेल इतकंच ठेवलं. असं करणं नियमात कितपत बसतं हे मी कुणाला विचारलं नाही, विचारावं असं वाटण्याइतकी ताकद त्या दुपारी माझ्यात नव्हती. अर्ध्या तासात रेष खाली उतरली. दवाखान्याचे रिपोर्ट उघडायला लागले. मालक घरी जेवायला गेले.

मग गेमवाल्यांचे फोन सुरू झाले. फोनवर बसणाऱ्या दोघींनी विचारलं, काय सांगायचं. मी म्हटलं, "वरून प्रॉब्लेम आहे म्हणा. मोठ्या कंपनीकडून." एकोणीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल. बहुतेक वेळा ते खरं असतं. त्या दिवशी नव्हतं.

त्या फोनांत एक फोन ओरत्तनाडूहून आला. दोघींपैकी एक जेवायला गेली होती म्हणून तो मीच उचलला. म्हातारा आवाज, तमिळ अगदी नीट, सरकारी पत्रासारखं. तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, असं त्यांनी आधी सांगितलं, मग ग्राहक क्रमांक, मग तक्रार. एक फाइल उतरवायला लावली आहे, ती काल सावकाश पण पुढे सरकत होती, आज दुपारपासून जागची हलत नाही.

मला वाटलं, नातवासाठी असेल. "सार, वरून प्रॉब्लेम आहे. एक-दोन दिवसांत होईल."

"रविवारच्या आत होईल का?"

"बघते, सार."

शुक्रवारी अकराला त्यांचा परत फोन आला. तेच शब्द, तीच शांत चाल. "अम्मा, मी माझ्या बाजूनं सगळं तपासलं. राउटर बंद करून चालू केला. मशीनमधली धूळ काढली. वायर बदलली. आता माझ्याकडून काही राहिलंय का?"

"नाही सार. वरूनच आहे."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळी मी ऑफिसात अक्कांशी फोनवर बोलत होते. अमेरिकेहून निरोप आला होता. पुढचा महिनाभर वर्ग नको, मुलींना शाळेचं काम खूप आहे. अक्का मला तो निरोप दुसऱ्यांदा वाचून दाखवत होत्या आणि त्यातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा हे विचारत होत्या. मी म्हणत होते, "अक्का, महिनाभरच म्हटलंय ना. आता लाइन नीट आहे. त्यांना तसं कळवा तरी." तेवढ्यात दारातून एक उंच, वाकलेले गृहस्थ आत आले. कमरेला पांढरी वेष्टी, खिशाला पेन, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली कापडी पिशवी. पिशवीतून टॉवेल बाहेर डोकावत होता. मी त्यांना हातानंच बसायला सांगितलं.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्या काय?"

मराठीत म्हणाले. आमच्या मराठीत, तमिळचा हेल असलेल्या. आवाज मी लगेच ओळखला, पण तो या भाषेत ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"हो काका. तुम्ही ओरत्तनाडूचे. फाइलवाले."

"फाइलवाला," ते म्हणाले आणि जरासे हसले. "दोन वर्षं झाली, मराठी बोलायला घरात कोणी नाही. ही गेल्यापासून. तुमचं ऐकून बरं वाटलं."

मग त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि टॉवेल उलगडला. आत गेम खेळायचं काळं मशीन होतं. शेजारी त्याची वायर, नीट गुंडाळून रबर लावलेली.

"मशीनच बिघडलं असेल असं वाटलं," ते म्हणाले. "ओरत्तनाडूला हे कुणाला कळत नाही. तुमच्याकडं कोणी बघेल म्हणून बसनं घेऊन आलो."

"कुणाचं आहे, काका?"

"माझं."

मग त्यांनी सांगायला घेतलं. मुलगी कॅनडात असते. आई गेल्यावर ती दर रविवारी व्हिडिओवर फोन करायची. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. जेवलात का, जेवलो. औषध घेतलं का, घेतलं. चार मिनिटांत बोलणं संपायचं आणि फोन ठेवायला दोघांनाही लाज वाटायची. मग एका सुट्टीत ती आली, हे मशीन घेऊन आली आणि त्यांना शिकवलं. एका ओसाड मुलखात दोघांनी उतरायचं, एकमेकांना सांभाळत पलीकडं पोचायचं. पहिले सहा महिने ते नुसते मरत होते. आता तितके मरत नाहीत.

"खेळताना बोलायला काही शोधावं लागत नाही," ते म्हणाले. "मागं बघ, दाराशी कोण आहे, मला पाणी दे. दोन-दोन तास जातात. तिची मराठी लहानपणी होती तेवढीच राहिली होती, आता जरा सुधारली. शिव्या मात्र तमिळमध्ये देते."

"आणि नवी आवृत्ती उतरल्याशिवाय..."

"आत घेत नाहीत. तिचं त्याच दिवशी झालं. उद्या रविवार. मी तिला सांगितलं, माझ्यामुळं उशीर होतोय, मलाच यातलं जमत नाही. तीन रात्री तिनं फोनवरून मला हे दाब, ते दाब, असं करायला लावलं. बिचारी कामावरून थकून येते."

दोघीजणी पलीकडे फोनवर तेच वाक्य सांगत होत्या. वरून प्रॉब्लेम आहे, सार. वरूनच आहे. मला ते सगळं एकदम असह्य झालं. मोठ्या धैर्यानं वगैरे मी बोलले असं नाही. खोटं पुढे नेत राहायला जोर लागतो, तेवढा उरला नव्हता.

"काका, तुमचं मशीन चांगलं आहे," मी म्हटलं. "प्रॉब्लेम वरूनही नाही. मी थांबवलंय. गुरुवारी दुपारी, इथं बसून."

मी त्यांना बुधवार सांगितला, दवाखाना सांगितला, अक्कांचा वर्ग सांगितला. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी मशीनवर टॉवेल परत नीट पसरला.

"गाणं मोडलं ते वाईटच," ते म्हणाले. "पण मला सांगितलं असतंत तर मी थांबलो असतो. बंद ठेवा म्हणाला असतात तर बंद ठेवलं असतं. कचेरीत चौतीस वर्षं काढली, रांगेत उभं राहणं मला कळतं. मी तीन दिवस स्वतःला मूर्ख समजत होतो. पोरीलाही तसंच वाटलं."

"माझं चुकलं," मी म्हटलं. ते हात हलवून "असू दे" म्हणाले, पण त्यांनी ते मनातून सोडलं नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी मालकांना फोन केला नाही. मागच्या खोलीत जिथं आमची सगळी यंत्रं आहेत, तिथल्या एका मोकळ्या पोर्टला काकांचं मशीन जोडलं आणि त्या एका पोर्टवरचा चिमटा काढला. जुना टीव्ही होता, त्याला वायर लावली. दुपारी गर्दी कमी असते, कुणाचं काही अडलं नसतं. पडद्यावर पट्टी दिसायला लागली आणि आकडा सरकला. काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्या खोलीत एसी चोवीस तास चालतो, म्हणून मी त्यांना माझी शाल दिली. त्यांनी ती आधी नको म्हटली, मग गुडघ्यांवर घेतली.

साडेतीन तास लागले. मधे आम्ही दहीभात खाल्ला, माझा डबा आणि त्यांचा डबा. त्यांच्या डब्यात लिंबाचं लोणचं होतं, ते त्यांनी स्वतः घातलेलं होतं आणि चांगलं झालं होतं. त्यांनी मला विचारलं की माझं हे काम कुणी शिकवलं. मी सांगितलं, कुणी नाही, बिघडत गेलं तसं शिकले. ते म्हणाले कचेरीतही तसंच होतं. यंत्रांची घरघर चालू होती. मला दोनदा डुलकी लागली आणि दोन्ही वेळा जागी झाले तेव्हा ते तसेच ताठ बसून पट्टीकडे बघत होते.

पूर्ण झाल्यावर त्यांनी मशीन बंद केलं, वायर गुंडाळली, रबर लावला, टॉवेलमध्ये बांधलं. दाराशी थांबून म्हणाले, "त्या गाणाऱ्या बाईंना माझ्याकडून सांगा, मला माहीत नव्हतं."

सोमवारी मी मालकांशी बोलले. भांडले नाही. म्हटलं, चिमटा लावायचा तर लावू, पण लोकांना सांगून लावू. सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा गेमचं डाउनलोड हळू राहील, बाकीच्या वेळी मोकळं, असा संदेश सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवू.

"म्हणजे आपली लाइन पुरत नाही हे आपणच लिहून द्यायचं?" ते म्हणाले.

"लोकांना ते कळतंच, सर."

ते बराच वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "तमिळमध्ये नीट लिहा. माफी वगैरे नको. वेळा तेवढ्या लिहा." जास्तीच्या लाइनची मागणीही त्यांनी त्याच आठवड्यात पाठवली. ती यायला पावसाळा उलटला.

अक्कांनाही खरं सांगायला हवं होतं. मी तिरुवैयारूला गेले आणि चटईवर बसून सांगितलं. खेळासाठी हे सगळं झालं हे कळल्यावर त्यांनी स्टुलावरचा टॅबलेट पालथा घातला. मला वाटलं काकांची गोष्ट सांगितली की त्यांचा राग निवेल. म्हणून तीही सांगितली, आई गेलेली मुलगी, रविवारची सकाळ, पिशवीतलं मशीन, त्यांचा निरोप.

"त्याची मुलगी त्याला मिळाली," अक्का म्हणाल्या. "चांगलं झालं. माझ्या दोन गेल्या."

"महिनाभरानं येतील अक्का."

"धाकटी येईल. थोरली नाही यायची. तिला ओठ चावताना बघितलंस ना तू."

तसंच झालं. महिन्यानंतर धाकटी एकटीच पडद्यावर आली. थोरलीनं व्हायोलिन घेतलं, तिकडच्याच एका शाळेत. अक्का धाकटीला शिकवतात, आवाज स्वच्छ येतो, आणि वर्ग झाला की मला फोन करून सांगतात, "आज ठीक होतं." थोरलीबद्दल त्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही विषय काढत नाही. आमच्यात त्यामुळं फार काही बदललं असं म्हणता येणार नाही, पण पूर्वी त्या 'तुझी लाइन' म्हणायच्या, आता 'तुमच्या कंपनीची लाइन' म्हणतात.

त्यानंतर अशी अपडेटं कितीतरी आली. जास्तीची लाइन आली ती पहिल्या दोन वेळा पुरली, तिसऱ्या वेळी परत भरली. खेळ मोठे होत जातात, आणि आम्ही रुंद केलेली वाट ते पुन्हा भरून टाकतात. आता मी आधी चौकशी करून ठेवते कुठला खेळ कधी येणार आहे. एकावन्नाव्या वर्षी मला ज्या खेळांची नावं आणि तारखा पाठ आहेत, त्यातला एकही मी खेळलेला नाही. संदेश जातो, काही लोक तो वाचतात, काही वाचत नाहीत आणि फोन करून ओरडतात. फोनवरच्या दोघींपैकी एक नोकरी सोडून गेली. ती जाताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही इथं दिवस कसे काढता?"

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी ओरत्तनाडूकडची लाइन तुटली. नारळाची झावळी पडून केबल खाली आली होती. लाइनमन जोडणी करत होता, मी सोबत गेले होते. काम झालं तेव्हा काकांची गल्ली जवळच आहे हे लक्षात आलं. त्यांच्याकडे चालू झालं का बघावं म्हणून गेले.

दार उघडंच होतं. ते टीव्हीसमोर स्टुलावर बसले होते, कानाला हेडफोन, हातात कंट्रोलर. मला बघून त्यांनी एका हातानं बसा अशी खूण केली. "आत्ताच आली लाइन," ते म्हणाले. "पाच मिनिटं झाली." मग हेडफोनच्या माइकमध्ये, "थांब, पुढं जाऊ नकोस. कंपनीतल्या बाई आल्यात. हो, त्याच." त्यांनी हेडफोन काढला आणि टीव्हीचा आवाज चालू केला.

"नमस्कार," टीव्हीतून एक बाईचा आवाज आला. मग जरा अडखळत, शब्द शोधत, मराठीत, "तुम्ही अप्पांना दहीभात दिला होता. त्यांनी सांगितलं."

"त्यांनी मला लोणचं दिलं," मी म्हटलं.

"एकदा खेळून बघा," काका म्हणाले आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. मला कुठलं बटन कशाचं ते कळेना. पडद्यावर एक माणूस, म्हणजे मी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि गोल गोल फिरायला लागला. तिकडून ती सांगत होती, उजवीकडे, नाही, तुमच्या उजवीकडे, खाली बसा, बसा. कुणीतरी मागून आलं आणि मी मेले. कॅनडातून हसण्याचा आवाज आला. तो अगदी स्वच्छ आला, एकही तुकडा न पडता, आणि सवयीनं माझं लक्ष आधी त्या स्वच्छपणाकडेच गेलं.

काकांनी कॉफी करतो म्हटलं. मी नको म्हटलं, लाइनमन तंजावरच्या उलट दिशेनं आणखी एक तक्रार बघायला निघून गेला होता आणि मला बसनं परत जायचं होतं. त्यांचा खेळही अडला होता. ते उठून दारापर्यंत आले, पण हातात कंट्रोलर तसाच होता.

थांब्यावर ऊन होतं. बस यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तीन फोन आले, दोन घेतले.